डांबराचा आठवा थेंब

६ फेब्रुवारी

अगं विसरभोळे,

तुला आजी नावाचा एक प्राणी आहे, तो अजून जिवंत आहे, सकाळी दोन कप चहा पितो आणि टपालवाल्याच्या सायकलीकडे कान लावून बसतो, एवढी आठवण करून द्यायला हे पत्र. लहानपणी तू दप्तर विसरायचीस, चपला विसरायचीस, एकदा तर मुंग्यांची रांग बघत बसलीस आणि शाळेतून घरी यायचंच विसरलीस. आता माणसं विसरायला लागलीस म्हणजे बढती झाली म्हणायची.

फोन केला होता म्हणू नकोस. फोनवर तू "हो हो" म्हणतेस आणि मागे भांडी वाजतात. निम्मं मला ऐकू येत नाही आणि निम्मं तू ऐकत नाहीस. पत्र कसं, पुन्हा वाचून घेता येतं.

अक्षर वेगळं दिसेल. तुझ्या आईला लिहायच्या कामावरून काढलंय. ती माझं बोलणं इस्त्री करून लिहायची. मी म्हणायचे, "कार्टीचं डोकं ठिकाणावर आहे का विचार," आणि ती लिहायची, "तुझी तब्येत कशी आहे?" मला कुठलं वाचता येतंय. पण तूच मागे विचारलंस ना, आजी एवढी मऊ कधीपासून झाली, तेव्हा चोरी पकडली. आता खालच्या दुकानातले घड्याळवाले लिहितात. अट एकच घातलीय. मी तोंडातून काढेन तो शब्द न शब्द लिहायचा. गाळायचं नाही, घालायचं नाही. ते म्हणाले, "आजी, घड्याळात एक स्क्रू कमी झाला तरी ते बंद पडतं आणि एक जास्त झाला तरी." माणूस सरळ आहे. हसत मात्र नाही.

तर आता सांग, त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत तू करतेस काय? समोरच्या न्हाव्यानं विचारलं. तुझा बाप म्हणाला, "डांबराकडे बघते." मी म्हटलं, म्हणजे रस्त्याच्या कामावर लागली की काय? सविस्तर लिही. आणि नेहमीसारखं एक नवल घाल, खरं असलेलं. मागचं ते चौकोनी शेण टाकणारं जनावर मी गल्लीभर सांगून संपवलं. भाजीवाली म्हणते, आजी, तुमच्या नातीला तिथं उन्हात पाठवू नका.

आजी

*

१२ फेब्रुवारी

प्रिय आजी,

चूक कबूल. आणि त्या प्राण्याचं नाव वॉम्बॅट, शेण खरंच चौकोनी, भाजीवालीला माझा निरोप सांग.

आता डांबर. आमच्या जिन्याच्या मधल्या वळणावर एक काचेचं कपाट आहे. त्यात तिवईवर एक काचेचं नरसाळं आहे आणि नरसाळ्यात काळं डांबर. सत्तर वर्षांपूर्वी इथल्या एका शिक्षकांनी ते भरून ठेवलं. हे डांबर हातोडीनं मारलं तर काचेसारखं फुटतं, तुकडे उडतात. पण तसंच ठेवून दिलं तर ते वाहतं. इतकं सावकाश, की नऊ-दहा वर्षांत एक थेंब पडतो. सत्तर वर्षांत सात पडले. आजी, त्यातला एकही पडताना कुणी पाहिलेला नाही. पडायच्या आधी पाहिलाय, पडल्यावर पाहिलाय. तुटतो त्या क्षणी समोर कुणीही नव्हतं.

आता आठवा लोंबतोय. या वसंतात पडणार. मी माझं काम घेऊन जिन्यातच बसते, बाटल्यांना चिठ्ठ्या लावते, तुटलेल्या तारा जोडते आणि नजर त्याच्यावर. विभागप्रमुखांनी कॅमेराही लावलाय, तो दर मिनिटाला एक फोटो काढतो. पण मला फोटो नकोय. मला तो माझ्या डोळ्यांनी बघायचाय. दोन वर्षं या नोकरीत मी फक्त काचा पुसल्यात. एक गोष्ट अशी हवी की जी मी पाहिली आणि अजून कुणीच नाही.

माझ्या आधी इथे जे सहायक होते त्यांना सगळे थेंबदादा म्हणतात. एकतीस वर्षं नोकरी. सहावा पडला तेव्हा ते दाताच्या डॉक्टरकडे. सातव्याला चार दिवस डबा घेऊन कपाटासमोर बसले, मग खाली पार्सल आलं म्हणून सही करायला गेले. दोन मिनिटं. परत आले तर थेंब खाली. निवृत्त झाल्यावरही रोज वाचनालयात पेपर वाचायला येतात, पण मागच्या जिन्यानं. मी बोलावलं तर म्हणाले, "माझं आणि त्याचं बोलणं बंद आहे."

नवल: ऑक्टोपसला तीन हृदयं असतात आणि रक्त निळं.

तुझी

विसरभोळी

*

१८ फेब्रुवारी

अगं डांबरबाई,

तुझं पत्र घड्याळवाल्यांनी तीनदा वाचलं. एकदा मला, एकदा न्हाव्याला, एकदा भाजीवालीला. आता सकाळी मी दार उघडलं की समोरून हाक येते, "आजी, पडला का?" कोण पडलं म्हणून परवा टपालवाला घाबरून सायकलवरून उतरला.

ऑक्टोपसचं ऐकून फार वाईट वाटलं. तीन काळजं म्हणजे काळजीही तिप्पट. बिचाऱ्याचे आठ हात डोक्याला लावण्यातच जात असतील.

तुझा थेंब मला चांगला कळला. बावीस वर्षं मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात रोज चाळीस लिटर दूध तापवलंय. समोर उभं राहा, दूध शहाण्या मुलासारखं बसून राहतं. कुणी हाक मारली म्हणून मान वळवा, उतू गेलंच. दुधाला डोळे नसतात, पण आपले डोळे कुठे आहेत ते त्याला बरोबर कळतं. तुमच्या डांबराची जात तीच. तेव्हा तू हलू नकोस. डबा तिथेच खा. पाणी कमी पी, कारण तुला कळेलच.

आणि त्या थेंबदादांना माझा निरोप दे. म्हणावं, रुसवा धरायचा तो समोरच्याला कळेल असा धरावा. डांबराला काय कळतंय तुम्ही कुठल्या जिन्यानं गेलात ते. उगाच गुडघे मात्र दुखतात.

बाकी इथे सगळं ठीक. घड्याळवाले, आता हे लिहू नका. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पार पिकलाय, डॉक्टर म्हणतो पुढच्या महिन्यात काढायचाच. हिला कळलं तर ही स्टूल सोडून धावत येईल आणि मेला तो थेंब नेमका तेव्हाच पडेल. जन्मभर मला ऐकवेल. ऐकवणार नाही म्हणा, तेच वाईट. घरात सगळ्यांना मी ताकीद दिलीय, फोनवर अवाक्षर काढायचं नाही. तर एवढं गाळा. हं, आता लिहा पुढे.

मी मजेत आहे. दिसतंय छान.

आजी

*

२५ फेब्रुवारी

प्रिय आजी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. घड्याळकाकांना सांग, शब्द न शब्द नीट लागला, असंच लिहीत जा, काही बदलू नका.

थेंबाची मान आता शिवणाच्या दोऱ्याएवढी झालीय. विभागप्रमुख जाता-येता एक डोळा मिटून बघतात आणि म्हणतात, महिनाभरात. मी शनिवारी-रविवारीही येते. पहारेकऱ्यानं मला त्याच्या खोलीतली उशी दिलीय, स्टुलावर घालायला.

तुझा निरोप थेंबदादांना वाचून दाखवला. त्यांनी गुडघ्याचं वाक्य तेवढं पुन्हा वाचायला लावलं.

तू नीट आहेस ना? जिना उतरताना कठडा धरतेस ना? सहज विचारतेय.

नवल: शुक्र नावाचा ग्रह स्वतःभोवती इतका हळू फिरतो की त्याची सूर्याभोवतीची फेरी त्याआधीच पुरी होते. म्हणजे त्याची स्वतःभोवतीची एक फेरी त्याच्या वर्षापेक्षा मोठी. तिथं राहणाऱ्याचे वाढदिवस किती भराभर येतील बघ.

तुझी

नात

*

४ मार्च

गुणाचे बाई,

तू शुक्राचं लिहिलंस आणि घड्याळवाल्यांनी हातातलं भिंग खाली ठेवलं. "वर्ष आधी आणि फेरी नंतर? हे कुठल्या काट्यावर दाखवायचं?" म्हणाले. दोन गिऱ्हाइकं तशीच उभी. शेवटी मी म्हटलं, अहो, शुक्रावरून कुणी दुरुस्तीला येणार नाही, तुम्ही हे टपालवाल्याचं आधी करा. तेव्हा कुठे भिंग उचललं. पण दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मला विचारतात, "आजी, तिथं आठवड्याची सुट्टी कशी धरतात?"

कठडा धरते गं. कठड्यानंच मला धरलंय म्हण. एवढी चौकशी कशाला? थेंबाकडे बघ.

उशी वापरतेस हे बरं. पण उशीवर झोप लागते, तेव्हा जरा काटेरी काहीतरी शोध.

घड्याळवाले, थांबा. हे लिहायचं नाही. गुरुवारी एकोणिसाला बोलावलंय मला. चाकूची भीती नाही हो वाटत. चाळीस वर्षं सुरी हातात होती. पण दुसऱ्या दिवशी पट्टी सोडतात ना, तेव्हा म्हणे आधी सगळं पांढरं दिसतं आणि मग समोर जे असेल ते एकदम लख्ख. समोर असणार तो डॉक्टर. त्याचं तोंड मी धूसर बघितलंय, लख्ख बघायची काही हौस नाही. दोन वर्षांत नातीचं तोंड मला नीट दिसलेलं नाही. मागच्या वेळी आली तेव्हा आवाजावरून अंदाज करून हसत होते मी. तिला वाटलं आजी बघतेय. पहिलं तिचं दिसलं असतं तर बरं झालं असतं. जाऊ द्या. थेंब नऊ वर्षांनी येतो, डोळा काय, आहेच. गाळा हे सगळं. काय लिहिलं होतं शेवटचं? काटेरी. हं.

भाजीवालीनं विचारलंय, थेंब पडल्यावर ते डांबर कुणाला देणार? तिच्या छपराला भोक आहे.

आजी

*

९ मार्च

घड्याळकाका,

ही चिठ्ठी तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर मुद्दाम वेगळी पाठवतेय. आजीला वाचून दाखवू नका.

दोन्ही पत्रांतलं तिनं "लिहू नका" म्हणून सांगितलेलंही तुम्ही लिहिलंत. चुकून की जाणून, ते विचारत नाही. तुमचे उपकार. मला दवाखान्याचा पत्ता आणि पट्टी सोडायची वेळ कळवा. थेंबाचं काय करायचं ते मी बघते.

आजीची नात

*

१२ मार्च

चि. सौ. अथवा कुमारी नात (मला माहीत नाही) यांस,

दवाखाना बाजाराच्या मागे, पिवळी इमारत, पहिला मजला. शुक्रवार दिनांक वीस, सकाळी साडेनऊ. पंधरा मिनिटं आधी यावे.

चुकून नाही. "शब्द न शब्द" हा हुकूम आधीचा होता. "लिहू नका" हा नंतरचा. पहिला मागे घेतल्याचं त्या बोलल्या नाहीत.

पत्र वाचून न दाखवणं मला पटलेलं नाही, पण केलं आहे.

घड्याळ दुरुस्तीवाला

*

२५ मार्च

अगं लबाडे,

परत गेल्यापासून तुझी ओळ नाही. पोचलीस का, एवढंही कळवता येत नाही. विसरलीस म्हणू की लपवतेस म्हणू?

घड्याळवाल्यांशी मी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी त्यांनीच येऊन सांगितलं, हुकूम पहिला कुठला आणि दुसरा कुठला. चूक त्यांची नाही, माझीच निघाली. अशा माणसाशी भांडायची सोयच नाही. आता मी "लिहू नका" म्हणायच्या आधी त्यांची लेखणी काढून माझ्या हातात घेते.

त्या शुक्रवारचं मी गल्लीत कसं सांगते ते ऐक. डॉक्टर म्हणाला, सावकाश उघडा. मी उघडला. आधी दुधासारखं पांढरं. मग मधोमध एक नाक. नाकाशेजारी एक तीळ. मी म्हटलं, हा डॉक्टर तिळाचा कधीपासून झाला? मग ते नाक रडायला लागलं, तेव्हा ओळखलं. एवढी शिकलेली बाई, आणि म्हातारीला दिसायला लागलं म्हणून रडते. बाकी तुझ्या डाव्या कानावर तीन पांढरे केस आहेत. मोजलेत मी. तुझ्या आईला दिसले नाहीत, माझ्या एका डोळ्याला दिसले.

ते असो. घरी जेमतेम एक दिवस होतीस, तर थेंबाचा विषय काढला की तू ताट उचलून आत जायचीस. सगळी गल्ली विचारतेय, पडला का? मी सांगते, अजून लोंबतोय. नव्या डोळ्यानं खोटं बोलायला लाज वाटते, म्हणून खरं काय ते कळव. माझ्यापायी तो चुकला असेल तर मला कळलेला बरा. मीठ चोळू नकोस, मध लावू नकोस, सरळ लिही.

आजी

*

२ एप्रिल

प्रिय आजी,

सरळच लिहिते.

पडला. शनिवारी, अकरा वाजून बारा मिनिटांनी. तेव्हा मी परतीच्या बसमध्ये होते. संध्याकाळी साडेचारला स्टँडवरून तशीच, बॅग घेऊन, कॉलेजात गेले. जिन्यात सगळे उभे होते आणि मी येताच त्यांनी कपाटापुढून वाट करून दिली. तेव्हाच कळलं. पाच तासांनी चुकला.

वाईट वाटलं. वाटलं नाही म्हणाले तर तू लेखणी हिसकावून घेशील. आठवडाभर मी त्या जिन्यानं गेलेच नाही, मागच्या जिन्यानं गेले. आणि तिथे थेंबदादांची चप्पल नव्हती, काठी नव्हती, कुणीच नव्हतं. तेव्हा हसू आलं.

कारण तो त्यांनी पाहिला, आजी.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे वाचनालयात गेले होते. म्हटलं, चार दिवस स्टुलावर बसा. ते म्हणाले, दुसरं कुणी बघ. मी म्हटलं, दुसरं कुणी हलेल. तुम्हाला हलल्याची किंमत माहीत आहे. त्यांनी पेपरची घडी घातली, बराच वेळ घालत बसले. मग विचारलं, "तुझ्या आजीचं कुठल्या डोळ्याचं?" उजव्या, म्हटलं. "जा," म्हणाले.

चार दिवस बसले. पहारेकरी सांगतो, पार्सलवाला आला तेव्हा यांनी त्याला जिन्यात वर बोलावलं, मान न वळवता हात बाजूला केला आणि तशीच सही केली. सही वहीवर नव्हे, पार्सलवाल्याच्या बाहीवर.

कॅमेऱ्यात अकरा-अकराच्या फोटोत थेंब लोंबतोय, अकरा-बाराच्या फोटोत तो खाली आहे. मधलं कॅमेऱ्याकडे नाही. ते फक्त दादांकडे आहे. विभागप्रमुख वही घेऊन आले आणि म्हणाले, सांगा, नोंद करायचीय. दादा म्हणाले, "पडतानासुद्धा घाई केली नाही त्यानं." मग म्हणाले, "लिहून घ्या एवढंच," आणि पाणी मागितलं.

मला मात्र काल तासभर सांगितलं, कपाटासमोर बसून. आधी दोरा कसा लांबला, मग नुसता एक केस कसा राहिला, मग केस असूनही नसल्यासारखा. ते सांगताना त्यांचा अंगठा आणि तर्जनी सारखी एकमेकांपासून लांब जात होती. मी त्यांच्या बोटांकडेच बघत होते. मी तो पाहिला नाही, पण इतका नीट कुणी मला काही सांगितलं नव्हतं.

आजी, मला दोन्हींतून एक निवडायचं होतं आणि मी निवडलं. नाकाचा तीळ तुला दिसला ना, झालं तर मग. रडले ते दिसायला लागलं म्हणून नव्हे. मागच्या वेळी तू अंदाजानं हसत होतीस, हे मला कळलं नव्हतं म्हणून.

नवल: फुलपाखराला पायांनी चव कळते. फुलावर उभं राहिलं की त्याला कळतं, गोड आहे का.

तुझी

लबाड

*

९ एप्रिल

माझे बाई,

तुझं पत्र आलं तेव्हा दुकानात न्हावी, भाजीवाली, टपालवाला असे सगळे होते. घड्याळवाल्यांनी "पडला" एवढं वाचलं आणि थांबले. भाजीवालीनं तराजू खाली ठेवला. मग पुढचं वाचलं. पार्सलवाल्याच्या बाहीवर सही केली हे वाचताना, गल्लीतल्या चार साक्षीदारांसमोर, घड्याळवाले हसले. आवाज नव्हता, पण खांदे हलले. आता हे ते लिहिताहेत बघ, आणि पुन्हा हलताहेत.

तुला समजवायला बसत नाही. चुकला तो चुकला. मला मनातून लागलंय, ते मी घड्याळवाल्यांच्या हातात लेखणी असतानाच सांगते, गाळायला सांगत नाही. पण त्या दादांचं ऐकून मला इतकं बरं वाटलं, की लागल्याची जागा सापडेना. एकतीस वर्षं ज्याची वाट बघितली आणि शेवटी ज्याच्यापायी माणूस गुडघे झिजवून मागच्या जिन्यानं गेला, ते त्याच्या पुढ्यात पडलं. आणि त्याला तिथे बसवलं कुणी? ज्या मुलीला शाळेतून घरी यायची आठवण राहत नव्हती, तिनं. आठवण नको त्या वेळी बरोबर येते तुला. तुझ्या आजोबांवर गेलीस.

आता मला त्यांचं ऐकायचंय. पत्रातून नको. बोटं दिसली पाहिजेत. एक डोळा आहे माझ्याकडे, तेवढा पुरेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांना घेऊन ये. खालच्या मजल्यावर झोपतील, जिना चढायला लागणार नाही, मागचा नाही आणि पुढचा नाही.

डावा डोळा अजून बाकी आहे. डॉक्टर म्हणाला, ऑगस्टमध्ये काढू. मी म्हटलं, थांबा, नातीला विचारून सांगते, तिचा पुढचा थेंब कधी आहे. किती दिवस, म्हणाला. मी म्हटलं, नऊ वर्षं. तो हसला. आता एका डोळ्यानं त्याचं तोंड लख्ख दिसतं, आणि खरं सांगू, माणूस वाईट नाही दिसायला. तेव्हा ऑगस्टमध्ये तू येऊ नकोस. या वेळी पट्टी सुटल्यावर त्याचंच तोंड बघेन म्हणते. तू बस तुझ्या स्टुलावर. नववा लोंबायला लागला असेल ना? मी त्र्याण्णव वर्षांची असेन तो पडेल तेव्हा. असेन. तू डबा घेऊन बसलेली असशील आणि मी गल्लीत ओरडून सांगत असेन, पडला, आणि आमच्याच मुलीनं पाहिला.

आणखी एक. नव्या डोळ्यानं मी पहिल्यांदाच नीट बघितलं, घड्याळवाले लिहितात म्हणजे काय करतात ते. मुंग्याच मुंग्या, आणि एकही वाटेतून बाहेर जात नाही. मी म्हटलं, यातली "आजी" कुठली? त्यांनी नखानं दाखवली. अगदीच लहान निघाले मी. रोज एक मुंगी शिकवा म्हटलंय. ते म्हणाले, वेळ लागेल. मी म्हटलं, तुमच्याकडे वेळाचंच दुकान आहे.

फुलपाखराचं आवडलं. पण मग चपला घातल्या की त्याचा उपास. भाजीवाली म्हणते, माझ्या टोपलीत पाय ठेवून बघणारं गिऱ्हाईक मला नको.

आता कामाचं. तुमच्या तिथल्या बाजारात सुके जर्दाळू चांगले मिळतात म्हणून न्हावी सांगतो. अर्धा किलो पाठव. आत बी असलेलेच घे, बी काढलेले आळशांसाठी असतात, आणि बिया फोडायला घड्याळवाल्यांकडे छोटी हातोडी आहे. काळपट असले तरी चालतील, खूप पिवळेधमक असले तर घेऊ नकोस. पाकिटावर तुझ्या आईचं नाव घालू नकोस, दुकानाचा पत्ता घाल. आणि दादांसाठी घेशील ते वेगळं घे, माझ्या अर्ध्या किलोतलं नाही.

आजी